सिलिंडरची किल्ली

मी एअर कंडिशनरचे पाइप जोडते. तांब्याचे. एका हातात गॅसची ज्योत, दुसऱ्या हातात जोडकामाची सळी, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. गोव्यात साखळीच्या बाजारापासून पेडण्याच्या किनाऱ्यापर्यंत कुणाच्या घरी गेलं की दार उघडणारी बाई आधी माझ्या खांद्यावरून मागे बघते. "मेकॅनिक खंय आसा?" मी सांगते, "हांगा आसा." तरी ती आणखी थोडा वेळ मागे बघतच राहते. कुणी म्हणतं, आधी मेकॅनिक येऊ दे, मग चहा ठेवते. मी म्हणते, चहा आत्ताच ठेवा, मेकॅनिकला साखर कमी लागते.

हे असं बोलायला मी जन्मापासून शिकले नव्हते. माझे वडील दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आले, आणि मी डिचोली तालुक्यातच जन्मले, वाढले, शिरगावाजवळच्या एका वाड्यावर लग्न होऊन गेले. आमच्या घरात बायकांनी बोलायचं ते स्वयंपाकघरात, आणि तेही भांड्यांच्या आवाजापेक्षा खालच्या पट्टीत. नवऱ्याचा ट्रक होता. खनिज भरून तो दिवसभर धक्क्यावर ये-जा करायचा. घरी आला की त्याच्या पापण्यासुद्धा तांबड्या असायच्या. मग खाणी बंद झाल्या. ट्रक परसात फणसाच्या झाडाखाली उभा राहिला, त्याच्या टायरांत कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि नवरा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघू लागला. माणूस काम नसताना किती गप्प होऊ शकतो ते मी तेव्हा बघितलं.

मी साखळीत एका फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात लागले. झाडलोट करायची, फोन घ्यायचा, इतकंच काम. दुकानाच्या मालकाला सगळे मेस्त म्हणत. वय झालेले, हात अजून पक्के, पण डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नसे आणि उजव्याने अर्धवट. पाइपातून वायू सुटत असेल तर त्याचा बारीक आवाज येतो, तो त्यांना लागेना. मग ते मला हाक मारायचे. "आयक गो, खंय फुसफुसता?" मी झाडू बाजूला ठेवून पाइपाला कान लावायची. इथे, मेस्त. इथे नाही, जरा वर. असं करत करत मी त्यांचा कान झाले. पुढे एकदा म्हणाले, जी गळती तुला ऐकू येते, ती बंद करायलाही तूच शीक. आणि ज्योत माझ्या हातात दिली.

वाड्यावर चर्चा झाली. शेगडी सोडून ही गॅसचे बाटले पेटवत फिरते, म्हणाले. सासूबाईंनी चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. मी कामाला जायची थांबले नाही. ट्रक विकून आम्ही जुना टेम्पो घेतला, तेव्हा नवरा माझ्याबरोबर यायला लागला. सुरुवातीला तो टेम्पोतून उतरायचाच नाही. मी वर छतावर, तो खाली स्टिअरिंगवर हात ठेवून. लोकांनी बायकोचा मदतनीस म्हणू नये म्हणून. एकदा पाइपाचं वेटोळं मला एकटीला वर चढवता येईना, ते बघून उतरला, आणि मग उतरतच गेला. पाइप कापायला शिकला, वाकवायला शिकला, नळीचं तोंड फुलवून नटात बसवायला शिकला.

मेस्तांच्या कानाची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. आखातात कामाला असताना एका इमारतीत पाइप तपासायचे होते. पाइप जोडून झाले की त्यात दाबाने वायू भरायचा आणि काटा उतरतो का ते बघायचं, हा नियम. भरायचा तो नायट्रोजन. तो कशातच भाग घेत नाही, गप्प बसतो. पण तिथे नायट्रोजन संपला होता, म्हणून शेजारच्या माणसाने जोडकामाच्या ऑक्सिजनची नळी लावली. पाइपात, मशीनमध्ये तेलाचा अंश असतोच. दाबलेला ऑक्सिजन तेलाला भेटला. "माझो कान गेलो," मेस्त म्हणाले. "तो मनीस घरा गेलो ना." तो माणूस घरी पोचलाच नाही, एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

तेरेखोलचं काम आम्हाला मिळालं तेव्हा आम्ही खूष होतो. नदीपलीकडे चढावर एक छोटं हॉटेल बांधलं जात होतं, प्रत्येक खोलीच्या जनेलातून खाली नदीचं मुख आणि समोर केरीचा किनारा. एवढं मोठं काम आमच्याकडे आधी कधी आलं नव्हतं. रोज सकाळी केरीहून फेरीबोटीत टेम्पो चढवायचा, पलीकडे उतरायचं, संध्याकाळी परत. ठेकेदार म्हापशाकडचा, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मला "वयनी" म्हणायचा. पहिले काही दिवस सगळ्यांना दाखवायचा, बघा, आमच्याकडे बाई पाइप जोडते. मला ते आवडत नव्हतं, पण काम आवडत होतं. भिंतींत खाचा कापून आम्ही पाइप बसवले. प्रत्येक जोड भाजताना आतून नायट्रोजनची बारीक धार सोडायची, म्हणजे आत काजळी धरत नाही. त्यातच आमचा नायट्रोजन संपला. दुसरा सिलिंडर ठेकेदार मागवणार होता. आज येतो, उद्या येतो, असं चाललं होतं.

त्या सकाळी आम्ही पोहोचलो तर गवंडी माल कालवून तयार होते. खाचा बुजवून गिलावा करायचा म्हणून.

"अजून दाबाची तपासणी व्हायची आहे," मी म्हटलं. "सिलिंडर आला का?"

"वयनी, सिलिंडर राहू दे," ठेकेदार म्हणाला. "उद्या मालक येतोय. त्याला भिंती पुऱ्या झालेल्या दिसल्या पाहिजेत आणि मीटरचा काटा वर दिसला पाहिजे. तुमचा ऑक्सिजन आहे ना भरलेला? तो सोड पाइपात. काटा वर गेला की मी फोटो काढतो. मग सोडून दे हवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"ऑक्सिजन भरत नाहीत," मी म्हटलं. "स्फोट होतो."

"थोडासाच भरायचा. मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय."

"मी नाही भरणार."

तो हसला, गवंड्यांकडे बघून. "बाईमाणूस घाबरली." आणि मग नवऱ्याकडे वळला. "तुम्ही भरा हो. तुम्ही तर खाणीवरचे."

नवरा माझ्याकडे आला, आवाज खाली घेऊन म्हणाला, "सायेब सांगतत तसा कर गो. ह्या काम गेला तर दुसरा खंय बघूचा?"

त्याच्या तोंडावर तो ओट्यावरचा चेहरा परत आला होता. ट्रक उभा होता तेव्हाचा. मला त्याचा राग आला नाही. त्या चेहऱ्याची मलाही भीती वाटते. पण मेस्तांचा बंद कान माझ्यासमोर उभा होता, आणि खोल्यांमध्ये माणसं होती. कोण खाचेजवळ उभं, कोण शिडीवर, एक बाई पाट्या उचलत होती. पाइप सगळ्या खोल्यांतून जात होता.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुमी खाणीर आसताना सुरुंग फुटून भोंगो वाजल्याबिगर कधी ट्रक फुडे काडलात?"

तो हातातला पाइप पुसत राहिला.

"मुकादम सांगता म्हणान काडलो असतात?"

त्याने पुसणं थांबवलं नाही. पण मान हलली, अगदी थोडी, नाही म्हणून.

तोपर्यंत ठेकेदार स्वतःच सिलिंडराजवळ गेला होता. आमचा ऑक्सिजनचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला असायचा. त्याचा व्हॉल्व्ह उघडायला चौकोनी भोकाची लोखंडी किल्ली लागते, ती तिथेच वर लावलेली. ठेकेदाराने नळी हातात घेतली आणि कुठे जोडायची ते शोधू लागला. मी पुढे झाले, किल्ली उपसली, आणि ओढणीच्या टोकात बांधून ती गाठ कमरेला खोचली.

"वयनी, किल्ली दे."

"देणार नाही."

"तुझी मस्करी पुरे. दे ती."

"मस्करी नाही. नायट्रोजन आणते. तो आल्यावर तपासणी होईल, तपासणी झाल्यावर भिंत बंद होईल. त्याआधी ह्या खाचांत कुणी माल भरला तर मी तो खरवडून काढीन."

हे मी म्हटलं खरं, पण आवाज माझा नव्हता असं मला वाटलं. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. शिडीवरचा माणूस खाली उतरला. पाटी घेतलेली बाई तशीच थांबली.

ठेकेदाराचा चेहरा लाल झाला. आता वयनी गेली, बाई आली. "ए बाई, ही चोरी आहे. माझ्या साइटवरून वस्तू नेतेस. पोलिसात देईन."

"सिलिंडर आमचा, किल्ली आमची. बोलवा पोलिसांना. त्यांच्यासमोर सांगा तुम्ही काय भरायला सांगत होता ते."

तो जवळच्या माणसाला म्हणाला, पाना आण, पाना लावून उघडतो. तेव्हा मला खरी भीती वाटली. मी किल्ली घेऊन गेले तरी मागे तो काय करील याचा भरवसा नव्हता. आणि मी इथेच थांबले तर नायट्रोजन येणार नव्हता.

नवरा चालत गेला आणि सिलिंडराला पाठ लावून उभा राहिला. हात छातीवर बांधले.

"तू जा," म्हणाला. "टेम्पोची चावी हुकाक आसा. मी हय रवतंय."

मी गेले. मागे ठेकेदार ओरडत होता, काय ते मला कळलं नाही. उतारावरून टेम्पो खाली आणला. मला टेम्पो चालवता येत होता, पण फेरीबोटीवर चढवायची वेळ कधी आली नव्हती, ते काम नवऱ्याचं. बोट धक्क्याला लागली. फळीवर उभा असलेला माणूस टेम्पोत ड्रायव्हर शोधत होता. मी हॉर्न दिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या चाकाकडे, आणि हाताने दाखवत गेला, डावीकडे, सरळ, सरळ, बस. टेम्पो चढला. नदी ओलांडताना मी खाली उतरले नाही. स्टिअरिंग धरून बसले. कमरेची गाठ टोचत होती. वाऱ्यात मला एकदम हसू आलं. का आलं ते मला आजही सांगता येणार नाही. सगळं काम हातातून जाणार हे मला दिसत होतं, आणि मी हसत होते.

केरीहून पेडणे, तिथून डिचोली, तिथून साखळी. मेस्त दुकानात पोईचा पाव खात बसले होते. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं, नीट ऐकू आलं नाही म्हणून की विश्वास बसला नाही म्हणून, कोण जाणे. हातातली पोई ताटलीत ठेवली.

"तुजो घोव थंय एकटो?"

"सिलिंडराकडे उभा आहे."

"मगे हांगा उबी कित्याक? बेगीन वच."

दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांच्याकडे एक भरलेला नायट्रोजनचा सिलिंडर नेहमी असायचा. शेजारच्या गॅरेजवाल्या माणसांनी तो उचलून टेम्पोत उभा केला, मेस्तांनी स्वतः दोर आवळला, दोनदा ओढून बघितला. चहा मागवला होता, तो मी उभ्यानेच घेतला आणि निघाले.

परत फेरीबोटीला पोहोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडच्या चढावर टेम्पो घातला तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. आवाज आलेला नाही. स्फोट झाला असता तर धक्क्यावर कुणी तरी बोललं असतं. वर पोहोचले. खाचा उघड्याच होत्या. माल पाटीत सुकून दगड झाला होता. गवंडी सावलीत बसून विड्या ओढत होते, आणि नवरा तसाच उभा होता, सिलिंडराला पाठ लावून.

नंतर त्या पाटीवाल्या बाईने मला सांगितलं. पाना आणला होता. ठेकेदार तीनदा आला. एकदा गोड बोलला, एकदा शिव्या दिल्या, एकदा खांद्याला धरून बाजूला ओढायला बघितलं. नवरा हलला नाही, बोललाही नाही. ठेकेदाराने गवंड्यांना सांगितलं, खाचा तरी बुजवा. त्यांतला म्हातारा गवंडी म्हणाला, बाई आल्यावर बुजवतो, खरवडायला लावल्या तर परत आम्हालाच भराव्या लागतील. जेवणाच्या वेळी त्या बाईने नवऱ्याला पाणी दिलं, ते तो उभ्यानेच प्यायला.

मी टेम्पोतून उतरले. त्याने मला बघितलं, सिलिंडरापासून दोन पावलं पुढे आला, आणि तिथेच जमिनीवर बसला.

ठेकेदार खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. आम्ही नायट्रोजन जोडला. दाब एकदम भरत नाहीत. थोडा भरायचा, थांबायचं, काटा बघायचा, पुन्हा थोडा. काटा वर गेला. मी वाटीत साबण कालवला, दाढीचा ब्रश घेतला, आणि पहिल्या खोलीपासून प्रत्येक जोडाला फेस लावत निघाले. माझ्यामागे सगळे. गवंडी, पाटीवाली बाई, शिडीवरचा माणूस. ठेकेदारही उठून आला, हात मागे बांधून. पहिली खोली, दुसरी, तिसरी. फेस तसाच बसून राहायचा. प्रत्येक जोडागणिक ठेकेदाराच्या तोंडावर हसू वाढत होतं.

"एवढ्यासाठी माझा अख्खा दिवस घालवलास," तो म्हणाला. "कुठे आहे गळती?"

"नसली तर बरंच आहे," मी म्हटलं. "नाही हे कळायलाच तपासतात."

शेवटच्या खोलीत, आतल्या मशीनला जिथे नळी नटाने जोडतात, तिथे मी फेस लावला. आधी काही नाही. मग एक फुगा आला. फुटला. दुसरा आला. मग बारीक बारीक फुग्यांची माळ लागली. मी कान जवळ नेला. फुसफुस होती, अगदी हलकी.

ठेकेदार पुढे वाकला. त्याला फुगे दिसले, आणि त्याला जे हवं होतं ते मिळालं. "बघा! हा जोड कुणी केला? इतका वेळ ही बाई आम्हाला शहाणपण शिकवते, आणि गळती हिच्याच कामात! कुणी केला हा जोड?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो जोड माझो. मीच केलंय. आता परत करतंय."

नवरा भिंतीला धरून उभा होता. तो लोकांसमोर बोलत नाही. लग्नात, वाड्यावरच्या भांडणात, खाणबंदीच्या मोर्चात सुद्धा तो मागे उभा असायचा. आणि इथे तो सगळ्यांसमोर, हात पुसत पुढे आला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्याने काही ठेवलंच नव्हतं.

आम्ही दाब सोडला. त्याने नट खोलला. नळीच्या फुलवलेल्या तोंडाला केसाएवढी चीर होती, उजेडात धरल्यावर दिसली. ती त्याने ठेकेदारापुढे धरली आणि मग म्हाताऱ्या गवंड्यापुढे. लपवली नाही. तेवढा भाग कापला, कड घासली, तोंड पुन्हा फुलवलं, सावकाश, घाई न करता. मी मध्ये हात घातला नाही. नट आवळला. पुन्हा दाब भरला. पुन्हा फेस लावला. फेस बसून राहिला.

मी काट्याच्या जागी काचेवर पेनाने खूण केली आणि सांगितलं, हा सकाळपर्यंत असाच राहणार. ठेकेदार निघून गेला. सकाळी आम्ही पहिल्या फेरीबोटीने आलो. काटा खुणेवर होता. मग गवंड्यांनी माल कालवला.

दुपारी हॉटेलचा मालक आला. काटा बघितला, भिंती बघितल्या, अर्ध्या ओल्या होत्या, त्यावर काहीतरी कुरकुरला, आणि जेवायला गेला. त्याला काही माहीत नव्हतं. ठेकेदाराने त्याला मीटर दाखवला, आणि बघा, माझ्याकडे कशी नीट तपासणी होते, असं सांगितलं. मी तिथेच उभी होते. मला ते ऐकून राग यायला हवा होता. आला नाही. पाइप बरोबर होता, खोल्यांतली माणसं धड होती.

शेवटच्या दिवशी आम्ही सामान टेम्पोत भरत असताना ठेकेदार नवऱ्याजवळ आला. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुम्ही चांगले आहात. पुढच्या साइटवर तुम्हाला बोलवीन. पण हिला आणू नका. ही हट्टी आहे."

नवऱ्याने नळीचं वेटोळं टेम्पोत टाकलं.

"मगे माका पण बोलवू नकात," म्हणाला.

ठेकेदाराने खरंच पुढे बोलावलं नाही. त्याच्या ओळखीच्यांनीही बोलावलं नाही. पेडण्याकडच्या बऱ्याच कामांवर माझं नाव पोहोचण्याआधी ती किल्लीवाली बाई पोहोचते, आणि मग फोन येत नाही. एक पावसाळा आम्ही घरगुती दुरुस्तीवर काढला. डिचोलीतली घरं, एक दवाखाना, साखळीतली दोन दुकानं. सासूबाई मध्ये एकदा विचारत्या झाल्या, आता तरी जरा नमतं घेशील काय? मी भाकरी थापत होते. म्हटलं, कुणापुढे?

दुसऱ्या दिवशी डबा त्यांनी भरला. दोन डबे, एक माझा, एक त्यांच्या मुलाचा. तेव्हापासून रोज भरतात.

आता मोठी कामंही येतात, हळूहळू. काम घेण्याआधी मी एकच गोष्ट सांगते. पाइप जोडून झाला की मला एक पूर्ण दिवस हवा, रात्रभर दाब राहू द्यायला. तोपर्यंत भिंत बंद होणार नाही. काही जण म्हणतात, बाकीचे मेकॅनिक तर तासात करून देतात. मी म्हणते, देत असतील, त्यांना बोलवा. काही जण खरंच त्यांना बोलावतात. परवा विचारायला आलेला एक जण दारापर्यंत जाऊन परत वळला. माझ्याकडे बघितलं, मग खाली बसलेल्या नवऱ्याकडे, त्याने काहीतरी वेगळं सांगावं म्हणून. नवरा पाइपाची कड घासत होता. त्याने मानही वर केली नाही.

"ती सांगता ताच," म्हणाला.